'घेटो' हा शब्द आणि महाडचं पाणी



व्याख्यानाचा विषय फळ्यावर लिहिला गेला आणि दोघा-तिघांनी आम्हाला बाजारातच गाठलं. म्हणाले, पोलादपुरात बसून इटालियन शब्दाचं काय घेऊन बसलात? इथे बोलायला विषय कमी आहेत का? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर उभ्या उभ्या देता येत नाही, म्हणून हा तासभराचा खटाटोप.

तसे इटालियन शब्द आपल्या तोंडात पुष्कळ आहेत. बँक घ्या. सावकाराचं बाक किंवा मेज, तिथून तो निघाला. मलेरिया म्हणजे वाईट हवा. डासाचा पत्ता लागण्यापूर्वी दलदलीच्या हवेलाच लोक दोष देत, तो दोष नावात राहून गेला. क्वारंटाइन हा तर २०२० पासून आपल्या आज्यांनाही पाठ झालेला शब्द. व्हेनिसच्या बोलीत त्याचा अर्थ चाळीस दिवस, म्हणजे जहाजाला बंदराबाहेर थांबवून ठेवायची मुदत. इंग्रजीनं हे शब्द इटालियनमधून घेतले, काही फ्रेंचच्या हातून घेतले, आणि आपण ते इंग्रजीतून घेतले. आता ते घरचेच झाले. त्यांच्याबद्दल कुणाचं काही भांडण नाही.

आज ज्या शब्दाबद्दल बोलायचं आहे तो असा घरचा झालेला नाही. तो शब्द म्हणजे 'घेटो'. कुठे दंगल झाली, लोक आपापल्या धर्माच्या मोहल्ल्यात राहायला गेले, की वर्तमानपत्रात तो दिसतो. पण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या इंग्रजी लिखाणातही तो आहे, आणि तिथे तो परदेशातल्या शहराबद्दल नाही, तुमच्या-आमच्या गावाबद्दल आहे. म्हणून तो पोलादपुरातला विषय.

आधी उच्चाराचं बघू. इटालियनमध्ये तो 'गेत्तो' असा आहे. तिथे 'ग' नंतर 'ए' किंवा 'इ' आला की त्याचा 'ज' होतो. तसा तो होऊ नये म्हणून मध्ये एक 'एच' घालतात. आपण मराठीत तो 'एच' खराच धरला आणि 'घ' केला. म्हणजे तिकडे जे अक्षर फक्त राखणीला उभं होतं, त्याला आपण घरात घेतलं!

आता व्हेनिस. समुद्राच्या खाजणात बेटाबेटांवर वसलेलं शहर. तिथलं राज्य व्यापाऱ्यांचं होतं. २९ मार्च १५१६ रोजी तिथल्या सिनेटनं ठराव केला, की शहरातल्या सगळ्या ज्यूंनी एकाच बेटावर राहायचं. त्या बेटाचं नाव 'गेत्तो नुओवो', म्हणजे नवा गेत्तो. बेटाभोवती कालवे, बाहेर पडायला पूल, पुलांवर दरवाजे. सकाळी सॅन मार्कोची मोठी घंटा वाजली की दरवाजे उघडायचे आणि रात्री बंद व्हायचे. पहारेकरी ख्रिस्ती, त्यांचा पगार मात्र ज्यूंनी द्यायचा. रात्री कालव्यातून पहाऱ्याच्या होड्या फिरत, त्यांचाही खर्च ज्यूंवरच. कोंडायचं, वर कोंडून घेण्याचं भाडं भरायचं, असा तो हिशेब. रात्री बाहेर जायची मुभा वैद्यांना होती, कारण रोग्याला दरवाज्याचा नियम कळत नाही. दिवसा बाहेर पडताना ज्यू ओळखू यावा म्हणून पिवळी खूण, पुढे रंगीत टोपी सक्तीची. धंदे ठरवून दिलेले: गहाणवट, जुने कपडे, वैद्यकी. माणसं वाढली पण बेट वाढेना, तेव्हा घरं उंच गेली. कमी उंचीचे सात-सात मजले एकावर एक चढले. ते आजही दिसतात.

या जागेला गेत्तो का म्हणत? इथे अभ्यासकांची चांगलीच जुंपलेली आहे. सगळ्यात मान्य मत असं, की त्या जागी पूर्वी तांबं ओतायची सरकारी भट्टी होती. आजच्या बोलीत फाउंड्री. ओतणं, टाकणं याला इटालियनमध्ये 'जेत्तारे' म्हणतात, आणि व्हेनिसच्या बोलीत ओतकामाची जागा ती 'जेतो'. यावर आक्षेप असा, की 'जेतो'चा 'गेतो' कसा झाला? त्याला उत्तर दिलं जातं, की तिथे पहिल्यांदा कोंडले गेलेले बरेच ज्यू जर्मन मुलखातून आलेले होते, त्यांच्या जिभेवर 'ज' चा 'ग' झाला.

आम्हाला पटणारा पुरावा मात्र दुसराच आहे, आणि तो पाटीवरच लिहिलेला आहे. ज्यूंना आधी ठेवलं ते 'नव्या गेत्तो'त. पंचवीस वर्षांनी, १५४१ मध्ये, तुर्की मुलखातले ज्यू व्यापारी आले, त्यांना जागा दिली शेजारच्या 'जुन्या गेत्तो'त. आता बघा, ज्यूंच्या वस्तीवरून ही नावं पडली असती तर आधीची वस्ती जुनी आणि नंतरची नवी ठरली असती. इथे उलटं आहे. म्हणजे नवं-जुनं हे भट्टीचं होतं, माणसांचं नव्हे. नाव आधीपासून होतं, माणसं नंतर त्यात घातली गेली.

दुसरीही मतं आहेत. कुणी 'बोर्गेत्तो' या शब्दाकडे बोट दाखवतं. बोर्गो म्हणजे तटाबाहेरची वस्ती, बोर्गेत्तो म्हणजे तशीच पण लहान. आपल्या 'गावकुसाबाहेर' या शब्दाची इथे कुणालाही आठवण व्हावी. रोममध्ये पोपनं १५५५ मध्ये ज्यूंना असंच कोंडलं, तेव्हा तिथल्या ज्यूंना या शब्दात हिब्रूतला 'गेट' ऐकू आला. गेट म्हणजे घटस्फोटाचा कागद. व्युत्पत्ती म्हणून हे टिकत नाही. पण ज्याला शहरानं सोडचिठ्ठी दिली त्याच्या कानाला शब्द कसा लागला, हे त्यातून कळतं, आणि शब्दाच्या इतिहासात तेही मोजायला हवं.

पोलादपुरातल्या माणसाला एवढं तरी चटकन समजावं. आपल्या गावाच्या नावातही धातू आहे आणि पोलाद हा शब्द फारसीतून आलेला आहे. पण म्हणून पोलादपूरकर कुणी लोखंडाचा होत नाही. तसाच गेत्तोतला ज्यूही तांब्याचा नव्हता.

हा शब्द इंग्रजीत कुणी नेला, ती हकीकत मजेशीर आहे. टॉमस कोर्याट नावाचा एक विक्षिप्त इंग्रज होता. त्याला पायी भटकण्याचं वेड. १६०८ मध्ये तो व्हेनिसला गेला, गेत्तो बघायला गेला, आणि तिथल्या एका रब्बीशी धर्मावरून वाद घालत बसला. माणसं जमली, प्रकरण हातघाईवर यायची वेळ आली. इंग्रज वकील गोंडोलातून जात होता, त्यानं याला उचलून नेलं म्हणून निभावलं. १६११ मध्ये कोर्याटचं प्रवासाचं पुस्तक निघालं. इंग्रजीत घेटो हा शब्द पहिल्यांदा छापलेला सापडतो तो त्यात. पुढे हा गडी बराचसा पायीच तुर्कस्तान, इराण करत हिंदुस्थानात पोचला, अजमेरला जहांगीर बादशहापुढे फारसीत भाषण करून आला, आणि डिसेंबर १६१७ मध्ये सुरतेत अतिसारानं वारला. शब्द इंग्रजांना देणारा माणूस आपल्याच किनाऱ्यावर मातीत गेला. शब्द मात्र इथे यायला आणखी तीनशे वर्षं लागली.

मधल्या काळात शब्दाचा अर्थ पसरला. इझ्रायल झँगविल या लेखकाची 'चिल्ड्रन ऑफ द घेटो' ही कादंबरी १८९२ मध्ये आली. ती लंडनच्या पूर्व भागातल्या गरीब ज्यूंची. तिथे ना दरवाजा, ना पहारा. माणसं गरिबीनं आणि परकेपणानं एकत्र राहत होती. मग अमेरिकेत हा शब्द काळ्या लोकांच्या वस्त्यांना लागला. आणि १९४० मध्ये नाझींनी वॉर्सासारख्या शहरांत पुन्हा खऱ्या भिंती उभारल्या, तेव्हा शब्दाला जो वास लागला तो अजून गेलेला नाही.

आता थोडं थांबून आपल्या जिल्ह्याकडे बघू. रायगडला १९८१ पर्यंत कुलाबा जिल्हा म्हणत. या जिल्ह्यात ज्यू शेकडो वर्षं राहत आले, ते बेने इस्रायल. अलिबागजवळच्या नवगावला आपले पूर्वज जहाज फुटून किनाऱ्याला लागले, अशी त्यांची परंपरा सांगते. घाण्यावर तेल काढायचे, शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणायचे. बोली मराठी. आडनावं गावांवरून: पेणकर, रोहेकर, नवगावकर, किहीमकर. गावागावांतून ते पांगलेले होते. त्यांच्यासाठी कुणी बेट राखून ठेवलं नाही, रात्री दरवाजा लावला नाही. ज्यांच्यासाठी युरोपात हा शब्द जन्माला आला, त्यांना कुलाबा जिल्ह्यात घेटो नव्हता. याचा आपल्याला अभिमान वाटतो, वाटायला हरकत नाही. पण घेटो या जिल्ह्यात नव्हताच, असं म्हणायला मात्र जागा नाही.

बाबासाहेबांचा 'द अनटचेबल्स' हा ग्रंथ १९४८ चा. त्यात ते दोन प्रश्न वेगळे करतात. अस्पृश्य गावाबाहेर का राहतात, हा एक. ते अस्पृश्य का झाले, हा दुसरा. आधी बाहेर राहणं आलं, अस्पृश्यता मागाहून आली, असं त्यांचं म्हणणं. टोळीपासून तुटून पांगलेली माणसं गावाच्या राखणीसाठी वेशीबाहेर वसली, असा त्यांचा तर्क आहे, आणि तो सगळ्या इतिहासकारांना मान्य नाही. पण त्याच ग्रंथात ते या वस्तीला सरळ घेटो म्हणतात. बाळंतपण, सुतक अशा कारणांनी माणसाला काही दिवस वेगळं ठेवणं जगात पुष्कळ ठिकाणी होतं. इथलं वेगळेपण मात्र जन्माचं आणि कायमचं, हा फरक ते दाखवतात. त्यांचं आणखी एक हस्तलिखित होतं, अस्पृश्य म्हणजे भारतातल्या घेटोची मुलं, अशा नावाचं. झँगविलच्या कादंबरीचं नाव त्यात ऐकू येतं. ते त्यांच्या हयातीत छापलं गेलं नाही. महाराष्ट्र शासनानं १९८९ मध्ये त्यांच्या लेखनाच्या पाचव्या खंडात ते काढलं. त्यात त्यांनी गावाच्या रिवाजांची यादीच दिली आहे. त्यातला एक रिवाज असा, की अस्पृश्यांची वस्ती दक्षिणेला हवी, कारण चार दिशांत ती अशुभ. घरी गेल्यावर आपापल्या गावचा नकाशा डोळ्यांपुढे आणा, वाडीची दिशा बघा. आम्ही इथे कुणाला हात वर करायला सांगत नाही.

इथे एक अडचण आहे, आणि ती आम्हाला महत्त्वाची वाटते. गावकूस, वेस हे शब्द देशावरचे. तिथे गावाला कूस असते, तिला वेस असते, मग आत कोण आणि बाहेर कोण हे डोळ्यांना दिसतं. आपल्याकडे महाड-पोलादपूरच्या डोंगरात गावाला कूस कुठली? आपलं गाव म्हणजे उतारावर सुटी सुटी पडलेली वाड्यांची माळ. सुतारवाडी, कुंभारवाडी, बौद्धवाडी. मध्ये वहाळ, वरकसाची जमीन, एखादी राई. परका माणूस बघून म्हणेल, इथे सगळेच एकमेकांपासून लांब राहतात, यात घेटो कुठला?

भिंत नसली तरी दरवाजा होता. तो पाणवठ्यावर होता.

महाडचं चवदार तळं त्यासाठी समजून घ्यायला हवं. महाड म्हणजे सावित्रीकाठची बाजारपेठ आणि तालुक्याचं ठाणं. खरेदी, शेतसारा, कचेरीचं काम, जो तो महाडला येणार. आलेल्या अस्पृश्य माणसाला तहान लागली तर? तळ्याच्या चारी बाजूंना स्पृश्यांची घरं. तिथे गुरं पाणी पीत, मुसलमान पाणी भरत, याला मज्जाव. त्याच्यासाठी पाणी म्हणजे अस्पृश्य वस्तीतली एक विहीर. ती बाजारापासून लांब, नगरपालिकेनं कधी न उपसलेली, गाळानं भरलेली. आता व्हेनिसकडे बघा. गेत्तो नुओवोच्या चौकात तीन विहिरी आहेत, दगडी कठड्याच्या. कोंडलेल्या माणसाला पाणी तरी आत होतं. स्पर्शानं पाणी बाटतं, या कल्पनेवर तो ठराव उभा नव्हता. युरोपात तसल्या कल्पना अजिबात नव्हत्या असं नव्हे. पण व्हेनिसला ज्यू दिवसा हवा होता, त्याचा पैसा, त्याचं औषध हवं होतं, रात्री तो नको होता. आपल्याकडे श्रम चोवीस तास हवे होते आणि सावली दिवसाही नको होती. घेटो हा शब्द आपल्याला लागू करताना तो इथे जरा अपुरा पडतो, असं आमचं मत आहे.

या विटाळाविरुद्धचा आवाज महाडला नवा नव्हता. गोपाळबाबा वलंगकर इथल्याच रावढळचे, पलटणीतून निवृत्त झालेले. १८८८ मध्ये त्यांनी 'विटाळ विध्वंसन' लिहिलं. पुढे ४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात मंजूर झाला, की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनं तो स्वीकारला. म्हणजे कागदावर दरवाजा उघडला. उघड्या दरवाज्यातून जायची मात्र कुणाची छाती झाली नाही.

१९ आणि २० मार्च १९२७ ला महाडात कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. तिच्या मागे दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे, अनंतराव चित्रे, सुरेंद्रनाथ टिपणीस ही माणसं होती. टिपणीस तर नगरपालिकेचे अध्यक्ष. परिषदेला आलेल्या लोकांसाठी चाळीस रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं होतं. १९२७ चे चाळीस रुपये, आणि समोर तळं भरलेलं. २० तारखेला बाबासाहेबांच्या पाठोपाठ लोक शांतपणे तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. मग अफवा उठली, की आता हे वीरेश्वराच्या देवळात शिरणार. परतणाऱ्या लोकांवर लाठ्या पडल्या. कित्येकांनी मुसलमानांच्या घरांत आसरा घेतला. नंतर तळ्याचं शुद्धीकरण झालं. १०८ घागरी, शेण, गोमूत्र, दूध, दही, सोबत मंत्र. ऑगस्टमध्ये नगरपालिकेनं १९२४ चा ठराव मागे घेतला.

डिसेंबरात पुन्हा परिषद ठरली. बाबासाहेब मुंबईहून पद्मावती बोटीनं दासगावला उतरले, तिथून चालत महाडला आले. मंडपाला जागा द्यायला कुणी तयार नव्हतं, ती फत्तेखान या मुसलमान गृहस्थांनी दिली. २५ डिसेंबरच्या भाषणात बाबासाहेबांनी या सभेची तुलना केली ती १७८९ मध्ये व्हर्सायला भरलेल्या फ्रेंच सभेशी. पुष्कळांना ती तेव्हा अतिशयोक्ती वाटली असेल. त्या रात्री, सहस्रबुद्धे यांच्या ठरावानुसार, मनुस्मृती जाळली. तळ्याबाबत कोर्टाची तात्पुरती मनाई आली होती, म्हणून पाण्याला हात न लावता तळ्याभोवती मिरवणूक काढून लोक परतले.

आम्ही व्हेनिसचा इतिहास वाचत होतो, तेव्हा या तुलनेचा एक धागा हाती लागला. व्हेनिसच्या गेत्तोचे दरवाजे कुणी काढले? १७९७ मध्ये बोनापार्टचं सैन्य आलं, व्हेनिसचं जुनं राज्य बुडालं, आणि १० जुलैला गेत्तोचे दरवाजे उखडून चौकात त्यांची होळी झाली. लोक भोवती नाचले. ज्या क्रांतीनं फ्रान्समधल्या ज्यूंना १७९१ मध्ये नागरिक केलं, तिच्याच पोटातून आलेली ही गोष्ट. आणि तिचंही पुढे महाडसारखंच झालं. त्याच वर्षी व्हेनिस ऑस्ट्रियाकडे गेलं, काही बंधनं परत आली, ती संपायला शहर इटलीत येईपर्यंत, म्हणजे १८६६ पर्यंत थांबावं लागलं. महाडात चवदार तळ्याचा दावा दहा वर्षं चालला. तळं आमचं खाजगी, आणि अस्पृश्यांना बंदी ही अनादी काळापासूनची रूढी, असं वादींचं म्हणणं. मुंबई हायकोर्टानं १७ मार्च १९३७ ला ते फेटाळलं. रूढी अनादी असल्याचं सिद्ध होत नाही, असा निकाल. आम्ही वकील नाही, पण निकालातली ही ओळ मोठ्या अक्षरांत महाडच्या शाळांमधून लावावी, असं आम्हाला वाटतं.

आता शेवटचं, आणि इथे सभेत मतभेद होतील हे माहीत आहे. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारनं ठरवलं, की वस्त्यांची जातिवाचक नावं काढून टाकायची आणि समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी द्यायची. आधार कार्डावर, शाळेच्या दाखल्यावर पत्ता वाचताच समोरच्याचा चेहरा बदलतो, हे ज्यानं भोगलंय त्याला या निर्णयाचं मोल सांगायला नको. मुलाच्या दाखल्यावरून ते नाव गेलंच पाहिजे. पण गावच्या जुन्या नकाशावरून, दप्तरातून, इतिहासातून ते जाता कामा नये. व्हेनिसनं नाव बदललं नाही. भिंतीवर आजही लिहिलेलं आहे, गेत्तो. १९४३-४४ मध्ये तिथून दोनशेवर ज्यूंना नाझींनी पकडून नेलं, त्यांचं स्मारकही त्याच चौकात आहे. चौक त्याच नावाचा राहिला, म्हणून कुणाला काही झालं नाही असं म्हणता येत नाही.

मध्यंतरी एका कॉलेजातल्या मुलीनं आम्हाला विचारलं, घेटोला मराठीत काय म्हणायचं? आम्ही दोन-तीन शब्द सुचवले. वस्ती, वाडा, गावकुसाबाहेर. वाडा हा शब्द तर गमतीचाच. सरदाराचा असला की चौसोपी, महाराचा असला की गावाबाहेर. देशावर कुठे कुठे महारवाड्याला राजवाडा म्हणतात, त्यात आदर किती आणि उपहास किती हे म्हणणाऱ्याच्या तोंडाकडे बघून ठरवावं लागतं. ती मुलगी ऐकून घेऊन म्हणाली, आमच्या आजीला विचारलं तर ती म्हणेल, 'वरच्या पाण्याचे आणि खालच्या पाण्याचे.' त्यांच्या गावात वहाळावर वरच्या अंगाला कोण पाणी भरणार आणि खालच्या अंगाला कोण, हे ठरलेलं होतं. आम्ही तो शब्द वहीत लिहून घेतला.

तुमच्या गावात याला काय म्हणत असत, ते आता सांगा. वेळ आहे. मागच्या रांगेतल्या ताईंनी हात वर केलाय, त्यांच्यापासून सुरुवात करू.